अमेरिकेत टीव्हीवरची जाहिरात बघून सोनं घ्यावं का? नव्याने आलेल्यांसाठी

अमेरिकेत येऊन घर लागलं, टीव्ही जोडला, की महिन्याभरात ही जाहिरात ओळखीची होते. पांढऱ्या केसांचा, भारदस्त आवाजाचा नट सोन्याची नाणी हातात घेऊन बोलतो. डॉलर घसरतोय, सरकारवर कर्ज साचलंय, आयुष्यभराची पुंजी वाचवायची तर सोनं घ्या, आणि फुकट माहितीपुस्तिकेसाठी या नंबरावर फोन करा. विल्यम डेव्हेन रोझलँड कॅपिटलसाठी, पॅट बून स्विस अमेरिकासाठी, असे चेहरे इथल्या बातम्यांच्या वाहिन्यांवर वर्षानुवर्षं दिसत आले आहेत. आपल्या माणसाला सोन्याचं महत्त्व पटवावंच लागत नाही. पाडव्याला, अक्षय्य तृतीयेला, गुरुपुष्याला गुंजभर तरी घ्यायचं हे रक्तात असतं, आणि इथे पिढ्यान्‌पिढ्यांचा ओळखीचा सराफ नसतो. मग फोन लावला जातो.

माझं उत्तर आधीच सांगते. सोनं घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण जाहिरातीतल्या नंबरावरून घेऊ नका. जाहिरात करणारी प्रत्येक कंपनी लबाड असते असं माझं म्हणणं नाही. देशभर जाहिरात दाखवायचा खर्च, नटाचं मानधन, फोनवर बसलेल्या विक्रेत्याचं कमिशन, हे सगळं शेवटी नाण्याच्या किमतीतून वसूल व्हावं लागतं. साध्या नाण्यावर एवढा नफा सुटत नाही. म्हणून साधं नाणं मागणाऱ्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या, महागड्या नाण्याकडे वळवणं ही त्या धंद्याची गरज होऊन बसते. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

पहिली पायरी: भाव वाचायला शिका

इथे सोन्याचा भाव ट्रॉय औंसात सांगतात. एक ट्रॉय औंस म्हणजे 31.1035 ग्रॅम. आज आपले सराफ 10 ग्रॅमला तोळा म्हणतात, त्या हिशेबाने तीन तोळ्यांहून किंचित जास्त, जुन्या 11.66 ग्रॅमच्या तोळ्याने पावणेतीन तोळ्यांच्या आत. किराणा मालाच्या पाकिटावरचा औंस 28.35 ग्रॅमचा असतो, त्याचा इथे संबंध नाही.

टीव्हीच्या खालच्या पट्टीत धावतो तो घाऊक बाजारातला 'स्पॉट' भाव. किरकोळ गिऱ्हाइकाला त्या भावाने नाणं मिळत नाही, त्यावर प्रीमियम द्यावा लागतो. एक औंसाच्या साध्या नाण्यावर तो थोडेच टक्के असतो. नाणं जितकं लहान तितका प्रीमियम टक्केवारीने जास्त, त्यामुळे एक औंसाऐवजी दशांश औंसाची दहा नाणी घेतली तर तेवढ्याच सोन्याला बरेच जास्त पैसे पडतात. चांदीवरचा प्रीमियम टक्केवारीत सोन्याहून नेहमीच चढा.

नाण्यांची नावंही माहीत हवीत, नाहीतर फोनवरचा माणूस सांगेल तेच खरं वाटतं. 'अमेरिकन ईगल' हे इथलं सर्वांत ओळखीचं सोन्याचं नाणं. ते 22 कॅरटचं आहे हे ऐकून आपल्याकडची मंडळी बिचकतात. पण त्याचं एकूण वजन 33.93 ग्रॅम असतं आणि त्यात शुद्ध सोनं पूर्ण एक औंस असतं. उरलेली चांदी आणि तांबं, नाणं झिजू नये म्हणून. 24 कॅरटचंच हवं असेल तर 2006 पासून निघणारं 'अमेरिकन बफेलो' किंवा कॅनडाचं 'मेपल लीफ' आहे. या नाण्यांची किंमत सोन्याच्या वजनावर ठरते, म्हणून त्यांना बुलियन म्हणतात. दुसरा प्रकार संग्राहकांच्या नाण्यांचा. त्यांची किंमत दुर्मीळपणावर, नाण्याच्या स्थितीवर आणि घेणाऱ्याच्या हौसेवर ठरते. तो छंद खरोखर मोठा आणि अभ्यासाचा आहे, त्याबद्दल मला आदरच वाटतो. पण बचत म्हणून सोनं घ्यायला निघालेल्या नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

दुसरी पायरी: घेण्याआधी विकायचा भाव विचारा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची. कोणीही, कुठेही सोनं विकत असेल तर त्याला एकच प्रश्न विचारायचा: "हेच नाणं मी आज, आत्ता तुम्हाला परत विकायला आणलं, तर किती डॉलर द्याल?" आकडा लिहून मागायचा. टक्केवारी नको, गोलमोल आश्वासन नको, आकडा.

हिशेब सोपा जावा म्हणून स्पॉट भाव 4000 डॉलर धरू. साधं ईगल 4 टक्के प्रीमियमने 4160 डॉलरला घेतलं आणि दुकानदार स्पॉटपेक्षा 1 टक्का कमी, म्हणजे 3960 डॉलरला परत घेतो असं समजू. मोडताना 200 डॉलरची तूट. सोनं साधारण 5 टक्के चढलं की तुमचे पैसे वसूल. आता 'खास' नाणं बघू. त्यातही सोनं तेवढंच, एक औंस. पण त्यावर 40 टक्के चढवून ते 5600 डॉलरला दिलं. विकायला गेल्यावर नाण्यांच्या दुकानातला माणूस त्याला सोन्याचं वजन म्हणूनच बघतो आणि 3960 सांगतो. तूट 1640 डॉलर. मुद्दल हातात यायला सोन्याला 41 टक्क्यांहून जास्त चढावं लागेल. सोन्याचा भाव वाढत असतानासुद्धा माणूस तोट्यात राहतो तो असा, आणि त्याला कळतही नाही, कारण टीव्हीवर तर सोनं वर जाताना दिसत असतं.

करारातल्या एका शब्दाकडे लक्ष ठेवा: 'स्प्रेड', म्हणजे कंपनी ज्या भावाने विकते आणि ज्या भावाने परत घेते त्यातला फरक. स्प्रेड 33 टक्के असं लिहिलेलं असलं की आपण समजतो, भाव 33 टक्के वाढला की बरोबरी झाली. तसं होत नाही. ही टक्केवारी कंपनी तुम्हाला ज्या किमतीला विकते तिच्यावर काढलेली असते. म्हणजे तुम्ही 100 डॉलर दिले आणि परत विकताना 67 मिळणार. 67 चे पुन्हा 100 व्हायला जवळजवळ 50 टक्के वाढ लागते. हे गणित फोनवर कोणी समजावून सांगत नाही, म्हणून कागदावर स्वतः मांडून बघा.

फोनवर काय घडतं

पुस्तिका मागवण्यासाठी नंबर दिला की पुस्तिकेआधी फोन येतो. बोलणारा माणूस गोड असतो, घाईत नसतो, मुलाबाळांची चौकशी करतो, तुमची किती बचत कुठे आहे हे सहज बोलता बोलता काढून घेतो. तुम्ही ईगल मागता. तो म्हणतो, हो, देतो की, पण साधं बुलियन सरकार जप्त करू शकतं हे तुम्हाला माहीत आहे ना?

या वाक्यामागचा इतिहास खरा आहे. एप्रिल 1933 मध्ये अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक 6102 काढून लोकांना जवळचं सोनं सरकारजमा करायला लावलं होतं, आणि दुर्मीळ, संग्राह्य नाण्यांना त्यात सूट होती. पण ती बंदी 1974 च्या अखेरीस उठली, त्याला आता अर्धशतक होऊन गेलं. उद्या सरकारने तसं काही केलंच तर तेव्हाची सूट जशीच्या तशी लागू होईल, असं आज कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. तरीही एवढ्या एका मुद्द्यावर दामदुपटीने नाणी विकली गेली आहेत. आपल्या आईवडिलांच्या पिढीवर हा धाक लवकर चालतो, कारण त्यांनी भारतातलं सुवर्ण नियंत्रण बघितलेलं आहे. 1963 मध्ये मोरारजी देसाईंनी 14 कॅरटची मर्यादा आणली, 1968 मध्ये कायदा झाला आणि तो 1990 पर्यंत होता. 'सरकार सोन्यावर हात टाकतं' हे त्यांना अनुभवाने माहीत आहे. त्यांना हे शांतपणे सांगा की त्या भीतीसाठी 40 टक्के जास्त मोजण्याने काहीच सुरक्षित होत नाही.

दुसरी भीती असते ती कळवाकळवीची. 'हे नाणं घेतलंत तर सरकारदरबारी नोंद होत नाही' असं सांगितलं जातं. 10,000 डॉलरपेक्षा जास्त रोख रक्कम घेणाऱ्या व्यापाऱ्याला फॉर्म 8300 भरावा लागतो, मग नाणं जुनं असो की नवं. आणि ज्याचे पैसे पगारातून, बँकेतून आलेत त्याला लपवायचं काय आहे? व्हिसावर असलेल्या माणसाने तर असल्या बोलण्यापासून चार हात लांबच राहावं.

मग खास नाणं पुढे येतं. जुनं युरोपातलं 20 फ्रँकचं, किंवा प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून वर दर्जाचा आकडा छापलेलं, किंवा 'फक्त आमच्याकडेच मिळणारं'. पीसीजीएस आणि एनजीसी या नाण्यांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्था खऱ्या आहेत, त्यांचं काम चोख असतं. पण लाखोंनी पाडलेल्या नव्याकोऱ्या नाण्याला 70 पैकी 70 गुण मिळाले म्हणून ते दुर्मीळ होत नाही. आणि 'फक्त आमच्याकडे' याचा अर्थ, दुसरीकडे भाव पडताळायची सोय नाही.

बोलणं संपताना तुम्हाला रेकॉर्डिंगवर 'यस' म्हणायला लावतात. ते 'यस' म्हणजे सौदा. घरी येऊन माल विकणाऱ्यांच्या व्यवहारात तीन दिवसांत माघार घेण्याचा जो केंद्रीय नियम आहे तो फोनवरच्या खरेदीला लागू नाही. म्हणून फोनवर कधीच हो म्हणू नका. "लेखी पाठवा, घरात बोलून कळवते" एवढं बोलून फोन ठेवणं मुळीच उद्धटपणाचं नाही.

हे सगळं कोर्टात जाऊन आलं आहे

गोल्डलाइन ही सांता मोनिकाची सोनं विकणारी कंपनी रेडिओ-टीव्हीवरचे निवेदक ग्लेन बेक यांच्या कार्यक्रमामुळे घराघरात पोचली होती. नोव्हेंबर 2011 मध्ये सांता मोनिका शहराच्या सरकारी वकिलांनी तिच्यावर फौजदारी आरोप ठेवले. म्हणणं हेच होतं की बुलियन घ्यायला आलेल्यांना जास्त नफ्याच्या नाण्यांकडे वळवलं गेलं. कंपनीने आरोप नाकारले. फेब्रुवारी 2012 मध्ये फौजदारी आरोप मागे घेतले गेले, आणि कंपनीने जुन्या गिऱ्हाइकांना 45 लाख डॉलरपर्यंत परत करण्याचं व नाण्यावर आपण किती चढवतो हे विक्रीआधी सांगण्याचं मान्य केलं.

त्यानंतरची प्रकरणं जास्त काळजीची आहेत. सप्टेंबर 2020 मध्ये सीएफटीसी या केंद्रीय नियामक संस्थेने 30 राज्यांना सोबत घेऊन मेटल्स डॉट कॉमवर दावा लावला. आरोप होता 18.5 कोटी डॉलरच्या फसवणुकीचा, आणि त्यात मोठा भाग म्हाताऱ्या माणसांच्या निवृत्तीच्या पैशांचा. नाण्यांवर खऱ्या किमतीच्या 100 ते 300 टक्क्यांहून जास्त चढवल्याचं त्या दाव्यात म्हटलं होतं. फेब्रुवारी 2022 मध्ये सेफगार्ड मेटल्सवर तसाच दावा आला, 6.8 कोटी डॉलरचा, साडेचारशेवर लोकांच्या पैशांबद्दल. ही माणसं हावरट नव्हती. घाबरलेली होती, आणि फोनवरच्या माणसावर त्यांनी विश्वास टाकला. म्हणून घरात आईवडील राहायला आले असतील आणि दिवसभर टीव्ही चालू असेल तर हे त्यांच्याशी मोकळेपणाने बोला. क्रेडिट कार्ड काढून घेण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

नवख्याला एक गोष्ट माहीत नसते. शेअर विकणाऱ्या दलालाला इथे परवाना लागतो, पण पूर्ण पैसे घेऊन नाणी विकायला केंद्राचा कुठला परवाना लागत नाही. मिनेसोटासारखी राज्यं नोंदणी करायला लावतात, बाकी बहुतेक ठिकाणी तेही नाही. फोनवरचा माणूस स्वतःला सल्लागार म्हणवत असला तरी तो विक्रेता आहे.

20 डॉलरचं 'सोन्याचं' नाणं

रात्री उशिरा आणखी एक जाहिरात लागते. बफेलो नाण्याची हुबेहूब प्रतिकृती, 24 कॅरट सोन्याने मढवलेली, एका घराला पाचच. बारीक अक्षरात सोन्याचं वजन येतं: 31 मिलिग्रॅम. एक औंस म्हणजे 31,103 मिलिग्रॅम, तेव्हा नाण्यात सोनं औंसाच्या साधारण हजाराव्या भागाइतकं. वर धरलेल्या 4000 डॉलरच्या भावाने चार डॉलरचं. नातवंडांना शोभेची वस्तू म्हणून द्यायला हरकत नाही, पण बचतीत त्याची गणती करू नका. कंपनीच्या नावात 'मिंट' असलं म्हणून ती सरकारी टांकसाळ होत नाही. सरकारी टांकसाळ एकच, यूएस मिंट, ट्रेझरी खात्याची.

निवृत्तीच्या पैशातून सोनं

हल्लीच्या जाहिरातींचा रोख इथे जास्त असतो: तुमचं 401-के (नोकरीतून मिळणारं निवृत्तीचं खातं) मोडून 'गोल्ड आयआरए' (सोनं ठेवायचं वैयक्तिक निवृत्ती खातं) करा, वर हजारो डॉलरची चांदी फुकट. फुकट चांदीची किंमत नाण्यांच्या भावात आधीच धरलेली असते.

कायद्याने आयआरएमध्ये सोनं ठेवता येतं. ते .995 शुद्धतेचं हवं, चांदी .999 ची, ईगलला 22 कॅरट असूनही वेगळी मुभा आहे. पण ते मान्यताप्राप्त संस्थेच्या ताब्यातच ठेवावं लागतं. खातं सांभाळायची फी, तिजोरीची फी दरवर्षी. 'घरीच ठेवा, चालतं' असं सांगणारेही भेटतात. 2021 मध्ये मॅकनल्टी प्रकरणात टॅक्स कोर्टाने घरी ठेवलेली नाणी म्हणजे खात्यातून काढलेली रक्कम ठरवली आणि कर लावला. भारतात परत जायचा विचार असलेल्यांनी तर या भानगडीत पडूच नये, लांबून हे खातं निस्तरणं फार त्रासाचं होतं.

फक्त सोन्याच्या भावाचा फायदा हवा असेल, हातात धातू नको असेल, तर सोन्याचे ईटीएफ, म्हणजे शेअरसारखे बाजारात घेता-विकता येणारे फंड, आहेत. त्यांपैकी 2004 पासून चालणाऱ्या जीएलडी या फंडाचा वार्षिक खर्च 0.40 टक्के, आयएयू या फंडाचा 0.25 टक्के. नेहमीच्या ब्रोकरेज खात्यातून एका मिनिटात घेता येतात आणि तितक्याच सहज विकता येतात.

मग घ्यावं कुठून

यूएस मिंट बुलियन नाणी थेट लोकांना विकत नाही. ठरावीक घाऊक व्यापाऱ्यांना देते, आणि किरकोळ विक्रेते शोधायची सोय तिच्या संकेतस्थळावर आहे. तिथून सुरुवात करा. एपीमेक्स, जेएम बुलियनसारखे ऑनलाइन विक्रेते भाव उघड लावतात, परत घ्यायचा भावही दाखवतात. कॉस्टको 2023 पासून सभासदांना सोन्याची बिस्किटं विकतंय, भाव बरा असतो, पण ती परत घेत नाहीत. मला स्वतःला गावातलं नाण्यांचं दुकान आवडतं. दोन-तीन दुकानांत जा, एकाच दिवशी, एकाच नाण्याचा घ्यायचा आणि विकायचा भाव विचारा. जो दोन्ही आकडे तोंडावर सांगतो तो तुमचा सराफ. कार्डापेक्षा चेकने किंवा बँकेतून पैसे दिल्यास भाव थोडा उतरतो. विक्रीकर राज्यागणिक वेगळा आहे, तो आधी बघा.

एडिसनचा ओक ट्री रोड, शिकागोची डेव्हन अव्हेन्यू इथले आपले दागिन्यांचे सराफ लग्नकार्यासाठी उत्तम. तिथे घडणावळ जाते आणि अमेरिकन दुकानात मोडायला गेलात तर त्या कारागिरीला मोल मिळत नाही. अंगावर घालायचं सोनं आणि बचतीचं सोनं वेगळं धरा. धनत्रयोदशीला लक्ष्मीची प्रतिमा असलेलं पॅम्प या स्विस कंपनीचं बिस्कीट घेणारे बरेच जण आहेत. पूजेत ठेवायला छान वाटतं, प्रीमियम किंचित जास्त पडतो, तेवढं चालायचं.

ठेवायचं कुठे

घरात ठेवणार असाल तर घराच्या विम्याचा कागद उघडा. नेहमीच्या पॉलिसीत नाणी आणि बुलियनची भरपाई बहुतेकदा 200 डॉलरपर्यंतच असते, त्यापुढे वेगळा विमा काढावा लागतो. बँकेच्या लॉकरमधल्या वस्तूंना एफडीआयसीचं (बँकेतल्या ठेवींचा विमा उतरवणाऱ्या सरकारी संस्थेचं) संरक्षण नाही, ते फक्त ठेवींना. आणि सोनं घेतल्याचं व्हॉट्सअॅपवर किंवा मंडळाच्या गटात सांगत बसू नका.

कर आणि भारतात नेणं

वर्षाहून जास्त ठेवून नफ्यात विकलं तर इथे सोनं 'संग्राह्य वस्तू' मानलं जातं, आणि त्यावरचा कर 28 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. शेअरचा सवलतीचा दर लागत नाही. प्रत्यक्ष सोनं ठेवणाऱ्या ईटीएफलाही हेच. पावत्या जपून ठेवा, मूळ किंमत दाखवता आली नाही तर कर जास्त बसतो.

परदेशात वर्षाहून जास्त राहून परतणाऱ्यांना भारतीय कस्टम्समध्ये जी सवलत मिळते ती दागिन्यांसाठी आहे. नाणी आणि बिस्किटं त्यात बसत नाहीत. ती जाहीर करून, शुल्क भरूनच न्यावी लागतात. निघण्याआधी त्या वेळचे नियम बघा आणि विमानतळावर लाल मार्गाने जा.

आधीच घेऊन झालं असेल तर

आधी लाज बाजूला ठेवा आणि घरच्यांना सांगा. पावती, करार, ईमेल, फोन कधी आला त्याच्या तारखा एका जागी गोळा करा. नाणी डबीतून काढू नका, पुसू नका. गावातल्या दोन दुकानांत नेऊन आजचा भाव लेखी घ्या. पावतीतली रक्कम आणि हा भाव यांतला फरक हाच तुमचा पुरावा. मग कंपनीला लेखी कळवून पैसे परत मागा. दाद लागली नाही तर आपल्या राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे (राज्याच्या मुख्य सरकारी वकिलांकडे), एफटीसीकडे (ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या केंद्रीय संस्थेकडे) आणि सीएफटीसीकडे तक्रार करा. तिन्हीकडे ऑनलाइन फॉर्म आहेत, पैसे लागत नाहीत. कार्डाने पैसे दिले असतील तर कार्डाच्या बँकेला लगेच कळवा, तिथे मुदत असते. आणि काही आठवड्यांनी 'तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, आधी थोडी फी भरा' असा फोन आला तर तो ठेवून द्या. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, आणि हा फोन त्यातूनच येतो.